उष्णता घेणारं माणूस

शुद्धलेखनात चुका सापडतील, त्या पदरात घ्याव्यात. माझी शाळा सातवीत सुटली, त्यामुळे शब्दही साधेच आहेत. धामणखेड्यात स्वतःच्या अंगातली उष्णता उघड्यावर टाकायला बंदी आहे, आणि पुंडलिक गोहाडच्या अंगात ती फार झाली होती.

बंदीला कारण घडलं होतं. पूर्वी लोक सब्जा पीत, दुर्वांचा रस घेत, आणि अंगातून निघालेली उष्णता कुठे जाते याची कुणी चौकशी करत नसे. मग एका शिंप्याने गुलकंदाचा मोठा डबा एकट्याने संपवला आणि त्याची सगळी उष्णता एसटी स्टँडच्या मागे जाऊन बसली. ती काही केल्या हलेना. शेजारच्या रसवंतीतला ऊस उभ्या उभ्या वाळला, स्टँडवरच्या नळाला गरम पाणी यायला लागलं, आणि जन्मात कधी आवाज न चढवलेले दोन कंडक्टर एकमेकांच्या अंगावर धावून गेले. तेव्हापासून नगरपरिषदेचा नियम झाला, की ज्याला उष्णता कमी करायची असेल त्याने ती घेणारं माणूस आधी दाखवावं.

बहुतेकांना हे जड जात नाही. घरात एखादं तरी थंड प्रकृतीचं माणूस असतंच. नवऱ्याची उष्णता बायको घेते, नातवंडांची आजीच्या गुडघ्यांना बरी पडते. घरची गोष्ट घरातच राहते.

पुंडलिकच्या घरात पुंडलिकच होता.

तो बर्फाच्या कारखान्यात कामाला होता. आधी तो आत, टाकीतून लाद्या ओढायला असे. लाद्यांच्या कडा गोल व्हायला लागल्या तेव्हा मालक अण्णाजींनी त्याला भुश्याच्या कोठीजवळ पाठवलं. भुसा धुपू लागला म्हणून फाटकापाशी बसवलं. फाटक उन्हापेक्षा जास्त तापतं अशी गाडीवाल्यांची तक्रार आली, तेव्हा रस्त्यापलीकडच्या कडुनिंबाखाली उभं केलं. तिथून तो हात करून गाड्यांना आत जायची वाट दाखवी. वाट एकच होती आणि ती सगळ्यांना माहीत होती. दुपारी बाकीचे आत गारव्याला बसून जेवत. पुंडलिक झाडाखाली डबा उघडी तेव्हा त्यातलं वरण पुन्हा उकळलेलं असे.

होळी झाल्यावर अण्णाजी रस्ता ओलांडून आले आणि बऱ्यापैकी अंतर ठेवून उभे राहिले.

"पुंडलिक, सीझन सुरू झाला. अखजीपर्यंत, अक्षय तृतीयेच्या आत, तू आत यायला पाहिजे. नाहीतर मला दुसरा माणूस पाहावा लागेल. राग नको मानू."

"नाही मानत जी," पुंडलिक म्हणाला. राग मानणं त्याच्या तब्येतीला परवडणारं नव्हतं.

संध्याकाळी तो नगरपरिषदेच्या समतोल केंद्रात गेला. हे केंद्र जुन्या जकात नाक्याच्या खोलीत भरतं. तिथले सोनकुसरे वैद्य शांत गृहस्थ होते. त्यांनी ओला रुमाल हाताला गुंडाळून नाडी धरली.

"प्रकृती पित्ताची. त्यात भर पडलेली आहे. झोप?"

"लागते, पण उशी करपते."

"जागरण करता?"

"एकटा माणूस, जी. लवकर झोपून काय करू?"

"हं. घेणारं माणूस कोण?"

"नाही कुणी."

"आई?"

"गेली."

"बायको?"

"झालीच नाही."

"भाऊबंद कुणी?"

"भाऊ सुरतेला आहे. विचारलं फोनवर. म्हणाला, तिकडं काय कमी आहे का, तू आणखी पाठवतोस."

"शेजारी?"

"शेजारच्या काकू माझ्या भिंतीला लावून पापड वाळवतात. पण म्हणतात, भिंतीतून येते तेवढी पुरे रे बाप्पा, नावावर कशाला करून घेऊ?"

वैद्यांनी रुमाल सोडला. तो कोरडा झाला होता.

"मग मला काही देता येणार नाही, गोहाड."

"थोडं धण्याचं पाणी तरी?"

"धण्याचं पाणी प्यायलात तर निघेल ती. निघाल्यावर जाईल कुठे? ती बिचारी दारोदार हिंडणार, आणि वर नाव तुमचं. घेणारं माणूस आणा. सब्जा मी माझ्या हाताने लिहून देतो."

पुंडलिकने घरी येऊन काशाची वाटी काढली आणि तळपायांना तूप लावून घासायला बसला. वाटी काळीभोर झाली. पण ज्याचे पाय त्यानेच घासले तर उतरलेली उष्णता हातातून परत वर चढते, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. वाटी धुऊन तो कपाळाला हात लावून नुसता बसून राहिला.

मग त्याने माणूस शोधायला सुरुवात केली. विचारायची त्याला लाज वाटे. लग्नाचं विचारणं सोपं, त्यात मध्यस्थ तरी असतो. कारखान्यातल्या रज्जाकला त्याने हळूच गाठलं.

"माह्यीच माह्यात मावत नाही, तुह्यी कुठं घेऊ?" रज्जाक म्हणाला. "बायको रोज म्हणते, तुमचं डोकं एक दिवस कुकरसारखं शिटी मारन."

"एखादा कुणी ओळखीचा?"

"असं कर, हिमालयात जाय. तिथं कुणी नाही म्हणणार नाही." मग पुंडलिकचा चेहरा पाहून तो ओशाळला. "गंमत केली रे भाऊ. डबा आणून देऊ का तुह्या झाडाखाली?"

चहावाल्याने तर प्रश्न पुरता ऐकून न घेता केटली त्याच्या बाजूला सरकवली. "उभाच आहेस तर दोन मिनिटं इथंच उभा राहा, गॅस संपलाय."

एके दिवशी वैद्यांचा निरोप आला. घेणारं माणूस मिळालं होतं.

द्वारकाताई नाफडे परतवाड्याहून आलेल्या होत्या. आयुष्यभर वडिलांचं केलं, वडील गेल्यावर इथे विठोबाच्या गल्लीत खोली घेतली. पन्नाशीच्या आतबाहेर असतील. त्यांच्या अंगात थंडी फार होती. कपात ओतलेला चहा ओठाला लागेपर्यंत गार होई. वैशाखात त्या स्वेटर घालून भाजी आणायला जात. त्यांच्या घरी दही लागत नसे. विरजण लावलेलं दूध सकाळी जसंच्या तसं गोड.

"पद्धत समजून घ्या," सोनकुसरे वैद्य म्हणाले. "रोज दिवेलागणीला पाठीला पाठ लावून बसायचं. नाफडेबाई आधी येऊन खिडकीकडे तोंड करून बसतील. तुम्ही मागून यायचं, भिंतीकडे तोंड. उठायचं आधी तुम्ही, आणि मागे न पाहता जायचं. एकमेकांच्या डोळ्यांत पाहायचं नाही."

"का जी?"

"डोळ्यांतून गेलेली उष्णता राग धरते. पाठीतून गेलेली निमूट जाते. बोलायला हरकत नाही."

पहिल्या दिवशी पुंडलिक आत गेला तेव्हा त्याला एक करडा स्वेटर आणि घट्ट घातलेला अंबाडा एवढंच दिसलं. तो बाकावर बसला आणि बिचकत बिचकत मागे सरकला. पाणी भरलेल्या माठाला टेकावं तसं झालं. त्याच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. भिंतीकडे तोंड होतं म्हणून बरं.

"अगंबाई," पाठीमागून आवाज आला. "कुणी चूल पेटवून मागे ठेवल्यासारखं वाटतंय."

"भाजलं का जी?"

"नाही हो. सरकू नका. बसा."

तो नीट टेकला. मग त्या म्हणाल्या, "तुम्हाला काय काय बंद केलंय?"

"तिखट, लसूण, तीळ, बाजरी. गूळसुद्धा."

"आणि मला नेमकं तेच खायला सांगितलंय. सुंठ वेगळी. माझ्याकडे कोकमं पडलीत, गुलकंद आहे, मोरावळ्याची बरणी आहे. त्यातलं मला बोटावरसुद्धा घ्यायचं नाही."

"माझ्याकडे तिळाचा डबा आहे," पुंडलिक म्हणाला. "आणि गुळाची ढेप. आईच्या वेळेपासून तेवढी आणायची सवय आहे. एकट्याला संपत नाही."

दुसऱ्या दिवशी त्याने तिळाचा डबा नेला आणि न वळता, हात मागे करून दिला. त्याच्या हातात मोरावळ्याची बरणी आली. गार होती, आणि तिच्यावर फडक्याचा दादरा बांधलेला होता. असं करत करत दोघांची स्वयंपाकघरं एकमेकांकडे गेली. ताईंकडे लसणाची माळ लागली, पुंडलिककडे वाळ्याची जुडी माठात पडली. काय कसं खायचं हे त्या पाठीमागून सांगत.

"सब्जा रात्रभर भिजवू नका, त्याचा लगदा होतो. धणे-जिरे मात्र रात्रीच टाका. पहाटे उठून गवतावर अनवाणी चालता का?"

"गवत नाही आमच्याकडे. नगरपरिषदेच्या बागेत जातो. वॉचमन ओरडतो."

"त्याला सांगा, वैद्यांनी सांगितलंय."

"सांगितलं. तो म्हणाला, गवताला विचारलं का?"

त्या हसल्या. त्यांचं हसू त्याला आधी पाठीत कळलं आणि मग कानाला. कुणाचं हसू असं कळतं हे त्याला माहीत नव्हतं. घरी जाऊन त्याने उगाचच दोनदा मोरी घासली.

दिवस तसे जात राहिले. पुंडलिकची उशी करपेनाशी झाली. अण्णाजींनी त्याला कडुनिंबाखालून फाटकावर आणलं. द्वारकाताईंनी एक दिवस सांगितलं, की दही लागलं. घट्ट नव्हे, पण वाटी वाकडी केली तर थोडा वेळ विचार करून मग सांडतं. दोघांनी त्या दह्याबद्दल पुष्कळ चर्चा केली.

वैद्यांनी परीक्षा घेतली. त्यांनी बर्फाचे दोन सारखे खडे आणले. दोघांनी पाठीला पाठ ठेवूनच हात बाजूला काढले, आणि वैद्यांनी दोन्ही तळव्यांवर एकेक खडा ठेवला. पुंडलिकचा खडा आधी विरघळला, पण ताईंचाही मागोमाग पाणी झाला.

"आलात जवळजवळ," वैद्य समाधानाने म्हणाले. "दोन्ही खडे एकदम संपले की झाला समतोल. मग यायची गरज नाही. बाकासाठी पुढची जोडी थांबलेलीच आहे."

पुंडलिक त्या दिवशी उठला आणि मागे न पाहता घरी गेला. घरी त्याने दिवा लावला. वरण-भाताचा कुकर लावला. खोलीत कुणी बोलत नव्हतं, आणि ते आजवर कधी कानाला लागलं नव्हतं, ते लागलं. त्याने कुकर तसाच ठेवला आणि बाजारात जाऊन हिरव्या मिरच्या, लसूण आणि बाजरीचं पीठ आणलं.

तव्यावर भाजून, लसूण आणि मीठ घालून त्याने त्यांचा ठेचा केला. डोळ्यांतून, नाकातून पाणी येईपर्यंत तो बाजरीच्या भाकरीबरोबर खाल्ला. दुसऱ्या दिवशी भर दुपारी डोक्याला काही न बांधता गावाला चक्कर मारली. संध्याकाळी बाकावर टेकला तेव्हा त्याची पाठ पुन्हा पूर्वीसारखी होती.

"आज चूल मोठी आहे," ताई म्हणाल्या.

"ऊन वाढलंय ना."

"हो. ऊन वाढलंय."

वैद्यांचा खडा त्याच्या तळव्यावर नुसता चुर्र झाला. वैद्य गोंधळले. "सब्जा कुठून आणता? दुकान बदला." पुंडलिकने दुकान बदललं आणि मिरच्याही बदलल्या, नव्या जास्त तिखट होत्या. फाटकावरून त्याला पुन्हा कडुनिंबाखाली धाडलं. अण्णाजी म्हणाले, "अखजी आली बरं का." त्याने मान डोलावली. संध्याकाळ होईपर्यंत झाडाखाली उभं राहणं त्याला आता अवघड वाटत नव्हतं.

पण द्वारकाताई कमी बोलायला लागल्या. त्यांनी स्वेटर सोडला होता. पाठीला आता सुती पोलक्याची शिवण लागे. एकदा त्यांनी नुसतं "हं" म्हटलं. एकदा पुंडलिकने विचारलेल्याला उत्तरच आलं नाही.

"ताई, काही चुकलं का माझं?"

"नाही हो. तोंड आलंय. बोलताना जीभ लागते."

"काहून? तिखट खाल्लं का?"

"मी कुठं तिखट खाते? रात्री नाकातून थोडं रक्तही आलं. आणि दही..." त्या थांबल्या. "दही आता दुपारपर्यंतच आंबून वर येतं. झाकण ढकलतं."

पुंडलिकला कळलं. त्याच्या अंगातलं कुठे जात होतं हे त्याला रोज पाठीत कळत होतं, पण ते तिथे पोचून काय करत होतं याचा त्याने विचार केला नव्हता. तो बाकावर पुढे सरकला. मध्ये हातभर जागा झाली.

"का सरकलात?" ताई म्हणाल्या.

"ताई, मी..."

"ठेचा खाता. माहीत आहे."

पुंडलिकने मान खाली घातली.

"पहिल्याच दिवशी कळलं. लसणाचा वास लपतो होय? परवा तर मीठही जरा जास्त पडलं होतं. बसल्यापासून तुमचं पाणी पाणी चाललं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर तुम्ही खाणं सोडलं असतं," त्या म्हणाल्या. "आता टेका. वेळ व्हायचा आहे अजून."

तो टेकला. त्याने फार हळू श्वास घेतला, जसं काही श्वास कमी घेतला तर उष्णताही कमी जाईल. वेळ झाल्यावर तो मागे न पाहता उठला.

घरी येऊन त्याने उरलेला ठेचा पुरला. नालीत टाकला असता तर नियमभंग झाला असता. मग तो नेमाने वागू लागला. सकाळी धणे-जिऱ्याचं पाणी, दुपारी ताक, संध्याकाळी दुर्वांचा रस. ताईंची बरणी त्याने आतून बोट फिरवून साफ केली. वॉचमन ओरडत राहिला आणि तो गवतावर चालत राहिला. दिवा मालवून तो वेळेवर आडवा होई आणि डोळे मिटून, माणूस ज्याने तापतो तो एकेक पदार्थ आठवी. आठवण्याने उष्णता वाढते असं वैद्यांनी कुठे म्हटलेलं नव्हतं.

ताईंचं तोंड बरं झालं. त्या पुन्हा बोलू लागल्या, पण आता दोघंही दह्याचा विषय काढत नसत.

मग ती संध्याकाळ आली. पुंडलिक भिंतीकडे तोंड करून बसला, मागे सरकला, आणखी सरकला, आणि पाठीला काहीच लागलं नाही. गार नाही, गरम नाही. जणू मागे कुणी नव्हतंच.

"ताई? आहात ना?"

"आहे की. मीही तेच विचारणार होते."

सोनकुसरे वैद्य खडे घेऊन आले. दोन तळव्यांवरचे दोन खडे सारखेच बारीक होत गेले आणि एकदमच नाहीसे झाले. वैद्यांना आनंद लपवता आला नाही. "याला म्हणतात समतोल. ऊब सारखी झाली की एकाला दुसऱ्याचं काही लागत नाही. कित्येक घरांत जन्मभर जमत नाही हो हे! गोहाड, उद्यापासून मोकळे तुम्ही. नाफडेबाई, तुम्हीसुद्धा."

दारात पुढची जोडी उभी होती. लाल डोळ्यांचा एक हवालदार आणि शाल गुंडाळलेली त्याची सासू. ती दोघं आधीच एकमेकांकडे पाठ करून उभी होती.

"बरं," पुंडलिक म्हणाला.

"बरं," ताई म्हणाल्या. "ताक सोडू नका. आणि तो वाळा आता बदला, त्याचा वास गेला असेल."

"बदलतो."

तो उठला आणि नियमाप्रमाणे मागे न पाहता गेला. अण्णाजी आपणहून रस्त्यात भेटले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "वा! उद्या आत ये, टाकीवर." फार दिवसांनी कुणी त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता. तो हातही त्याला गार किंवा गरम लागला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुंडलिक नेहमीपेक्षा लवकर उठला. त्याने आंघोळ केली, धुतलेला सदरा घातला आणि कारखान्याच्या वाटेला लागायच्या आधी विठोबाच्या गल्लीत वळला. नाफड्यांची खोली कुठली हे विचारल्यावर एकीने झाडू थांबवून बोट दाखवलं. दार बंद होतं. त्याने कडी वाजवली नाही. ते कुठल्याच नियमात बसत नव्हतं. तो ओट्यावर बसला, रस्त्याकडे तोंड करून, आणि पाठ दाराला टेकवली.

लाकूड गार होतं. सकाळी असतं तसं. गल्लीतून दूधवाला गेला, पोरं शाळेला गेली, आणि पुंडलिक बसून राहिला. मग आत काहीतरी सरकवल्याचा आवाज झाला, पाट ओढावा तसा, आणि थोड्या वेळाने त्याच्या पाठीला दार लागेनासं झालं. गार नाही, गरम नाही, काहीच नाही.

पुंडलिकने सदऱ्याची बटणं नीट केली. मग समोरच्या भिंतीकडे पाहत, रोजच्या आवाजात, काल रात्री काय जेवलो ते तो सांगू लागला.